इंटरनेटच्या डब्याने मांडलेला छळ

दांडिया बाजार, बडोदे
ता. ४

चि. उन्मेष यास जनार्दनकाकाचे आशीर्वाद.

तुझ्या वास्तुशांतीच्या पत्राला चार महिन्यांनी उत्तर देतोय, रागावू नकोस. पाठदुखी कशी आहे? आमचे सगळे ठीक, म्हणजे ठीक नाहीच. (फोनच केला असता, पण कान गेल्यापासून मी फोनवर बोललो की अर्ध्या बाजाराला कळते.)

रविवारपासून घरचे इंटरनेट बंद आहे आणि अकरा तारखेला आपल्या सानवीची नोकरीची मुलाखत, तीही घरूनच कॉम्प्युटरवर. मोबाइलचे नेट खिडकीबाहेर हात काढल्याशिवाय येत नाही. झाले असे, की नेट मंद चालते म्हणून मी कंपनीला फोन केला. तिथल्या बाईंनी डब्याच्या सेटिंगचे पान उघडून आकडे वाचायला लावले. "फक्त वाचा काका, बदलू नका," असे दोनदा बजावले. मी वाचले. (शाळा सातवीपर्यंतच, पण आकड्यांत कधी चुकलो नाही.) तासाभरात नेट ठप्प! काल त्यांचा माणूस आला, वायर ओढून पाहिली, मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, लाइन तो बराबर छे. तमे कांई अड्या तो नथी ने?" मी हात लावला का, असे मलाच विचारतो! तुझी पद्माकाकू अशी कडाडली की बिचारा चहा अर्धा टाकून पळाला. त्याचे साहेब बारा तारखेला येणार. मुलाखत अकराला! मी नुसत्या येरझाऱ्या घालतोय.

तुझा,
जनार्दनकाका

ता. क. तुला म्हणून सांगतो. त्या पानावर सबनेट मास्क नावाचा आकडा होता, २५५.२५५.२५५.०. शेवटी भोपळा! आहेराच्या पाकिटात कोणी नुसते शंभर घालते का? एकशे एकच घालतो. नातीची मुलाखत तोंडावर आणि घरात शून्यावर संपणारा आकडा. मी तिथे एक केला. आता शून्य परत घालावे तर ते पानच उघडत नाही.

ता. क. २. सानवीने विचारले, "आजोबा, खरं सांगा." मी देवघराकडे तोंड करून नाही म्हणालो. डब्यामागे एक बारीक भोक आहे, आत बटण दिसते; ते दाबले की सगळे आकडे पहिल्यासारखे होतात म्हणे. काकूची सुई खिशात घेऊन दोन दिवस हिंडतोय. टोचू की नको? कार्डावर एवढाच एक शब्द लिही, पण दहा तारखेच्या आत धाड. कार्ड काकूच्या हाती पडले तर विचारेल, म्हणून खाली सही डॉक्टरांची कर.