पुंगळीचं तेल

चोआ चू कांग, सिंगापूर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रबोधराव,

नमस्कार. इकडे सगळं व्यवस्थित. सुनेत्राच्या बँकेत वर्षअखेरीची धावपळ सुरू झाली आहे. आमच्या अनुयाची परीक्षा संपली, त्यामुळे ती दिवसभर सोफ्यावर आडवी असते. पाऊस रोज दुपारी येतो आणि मी वाळत घातलेले कपडे रोज दुपारी आत घेतो. अरुणाही ठीक. तिला इथे राहायची परवानगी एकवीस तारखेपर्यंत आहे. तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगितलं.

तुम्ही पाठवलेले फोटो पाहिले. मोठे करून पाहिले. मग फोन पालथा ठेवला आणि थोडा वेळ खिडकीशी जाऊन उभा राहिलो.

प्रबोधराव, खोबरेल तेल?

रायफलच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीला कुणी खोबरेल लावतं का? ‘घरात तेच एक तेल होतं’ असं तुम्ही लिहिलंय. घरात तेच होतं म्हणून उद्या गाडीच्या इंजिनात घालाल का? मिनेसोटातल्या तुमच्या गॅरेजात नोव्हेंबरात काय थंडी असते ते मला सांगायला नको, ते घर तुम्हाला देण्याआधी नऊ हिवाळे मी त्याच गॅरेजात उभा राहून काढलेत. खोबरेल तिथे मेणासारखं थिजतं. एका बाजूला गोळा, दुसऱ्या बाजूला कोरडं. जिथे गोळा होता तिथे पुंगळीच्या खांद्याला पोचा आला, जिथे कोरडं होतं तिथे ती डायला धरून बसली. वर तुम्ही प्रेसच्या लिव्हरला दोन्ही हातांनी लोंबकळलात. ते लिहिलं नाहीत, पण पुंगळीची कड तुटलेली तिसऱ्या फोटोत स्वच्छ दिसते.

मी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? एकदा झाडलेली पुंगळी फुगते. तिच्यात पुन्हा दारू आणि गोळी भरायची तर आधी तिला मूळ मापावर आणायचं, म्हणजे पोलादी डायमध्ये जोराने दाबायचं. पितळ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा पापुद्रा हवा. पापुद्रा म्हणतोय, थर नव्हे. पिस्तुलाच्या पुंगळ्यांना तुम्ही तेल लावत नव्हता, कारण तिथे डायच्या आत कार्बाइडचं गुळगुळीत कडं असतं. रायफलला ती चैन नाही. मला हे कुणी हाताला धरून शिकवलं नव्हतं. दोन पुस्तकं, डबाभर वाया घालवलेल्या पुंगळ्या आणि अडकलेली पहिली पुंगळी काढताना सोललेली बोटं, एवढ्यावर मी शिकलो. तुम्हाला तर आयतं ताट वाढून दिलं होतं.

असो. आता अडकलेली काढायची कशी ते. डायमधला मधला दांडा फिरवून वर येईल तेवढा वर घ्या, नाहीतर ड्रिल त्यावर आपटेल. पुंगळीच्या बुडातलं भोक ड्रिलने मोठं करा, त्याला आटे पाडा. मग जाड वॉशर ठेवून बोल्ट घाला आणि पान्याने सावकाश आवळत जा. वॉशर डायवर टेकला पाहिजे, पुंगळीवर नाही. पुंगळी आपोआप बाहेर ओढली जाते. हातोडा कपाटात ठेवा. हातोडा म्हणजे नवी डाय.

आणि ‘डाय पुंगळीसकट पोस्टाने पाठवतो, तुम्ही काढून द्या’ हे जे लिहिलंय, ते डोक्यातून पूर्ण काढून टाका. हे सिंगापूर आहे. इथे रिकामी पुंगळीसुद्धा माझ्या नावाने आली तर मी कुठे बसलेलो असेन आणि सुनेत्रा काय म्हणेल, याचा विचार करा. वकील शोधायला मला वेळ नाही.

राहता राहिला तुमचा खरा प्रश्न. शेल्फवरची पांढऱ्या झाकणाची फवाऱ्याची बाटली संपली, तिच्यात काय होतं? लॅनोलिन आणि अल्कोहोल. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चरबी, औषधांच्या दुकानात डबी मिळते. एक भाग लॅनोलिन, दहा भाग अल्कोहोल. बाटली गरम पाण्यात धरून हलवायची, फवारायचं, आणि मग थांबायचं. अल्कोहोल उडून जाईपर्यंत हात मागे. ओल्या पुंगळ्या घाईने घातल्यात तर पुन्हा अडकतील आणि पुन्हा मला फोटो येतील. दाबून झाल्यावर प्रत्येक पुंगळी पुसायची. तेल राहिलेली पुंगळी गोळी झाडताना चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा दणका रायफलच्या बोल्टवर येतो.

एवढं कराल तर अडचण येणार नाही.

आपला,
निशिकांत

ता. क. ती खोबरेलची बाटली न्हाणीघरात जिथे होती तिथे परत ठेवा.


चोआ चू कांग
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रबोध,

‘राव’ गाळलंय ते चुकून नाही. पुढचं सगळं ‘तुम्ही’ म्हणून लिहायला गेलो तर माझ्याच्याने लिहून व्हायचं नाही.

तुझं उत्तर मिळालं. पुंगळी निघाली, डाय वाचली, चांगलं झालं. पण पुढे काय लिहिलंस? ‘एकास दहा करून पाहिलं. चालतं, पण पूर्वीसारखं सरकत नाही. पुंगळ्यांच्या माना एकसारख्या येत नाहीत. दादा, तुमच्याकडून काहीतरी सांगायचं राहिलंय.’

माझ्याकडून! मी आजवर कुणाला अर्धवट सांगितलंय? अनुयाला सायकलचं पंक्चर शिकवलं तर ती म्हणाली होती की बाबा, मला पीएचडी नको आहे. मी तुझं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. टेबलापाशी अरुणा मेथी निवडत बसली होती. लिटिल इंडियातून जुडी आणते आणि प्रत्येक वेळी म्हणते, ही काय मेथी आहे.

‘एकास दहा?’ ती मान वर न करता म्हणाली. ‘दादा, ते मी पहिल्याच हिवाळ्यात सोडून दिलं.’

‘मग किती?’ मी विचारलं.

‘ज्याला हवंय त्याने विचारावं.’

‘मीच विचारतोय ना.’

‘तुला कशाला हवंय? तुझ्याकडे प्रेस आहे, की रायफल आहे? तुझ्याकडे मेथी आहे. घे, निवड.’

अनुया सोफ्यावरून हसली, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘आत्या सो फिअर्स, लाह.’

‘फिअर्स नाही गं,’ अरुणा म्हणाली, ‘कंटाळलेय.’

मग मी आडून विचारत राहिलो. प्रमाण तिने सांगितलं नाही, पण बाकीचं थोडं बोलली, आणि मला माझ्याच गॅरेजातल्या गोष्टी नव्याने कळल्या. ती पुंगळ्या फवारून सोडून देत नव्हती. फवारल्यावर एकेक घेऊन बोटांत फिरवायची. खांद्याला काही लावायचं नाही, बुडाकडे थोडं जास्त, मानेच्या आत कोरड्या ग्रॅफाइटचा ब्रश. हे फिरवताना बुडाजवळ बोटाला बारीकशी रेघ लागली, की ती पुंगळी वेगळ्या डब्यात. कारण ती पुढच्या वेळेला चेंबरमध्ये फाटणार. ‘प्रबोधला वाटायचं मी मोजताना चुकते,’ ती म्हणाली. ‘शंभर दिल्या तर ब्याण्णवच परत का, म्हणून ओरडायचा.’

वाचतोयस ना? तुझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर फुटणारी गोष्ट ती बोटांनी बाजूला काढत होती, आणि तू हिशेब मागत होतास. तेव्हा पहिली सूचना ही की तिच्यामागे तू भरलेलं एकही काडतूस झाडायचं नाही. एकही. डबा बंद करून ठेव.

आता जुलैचं.

क्लबाच्या जेवणाचं मला अरुणाने सांगितलेलं नाही, सुनेत्राने सांगितलं. बायका एकमेकींना सांगतात आणि आपल्यापर्यंत ते जेवण गार झाल्यावर येतं. तुला अचूक नेमबाजीचा कप मिळाला. तू उठलास, माइक घेतलास आणि म्हणालास, यामागचं प्रत्येक काडतूस मी स्वतःच्या हाताने बनवतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवर बसून तिनेही वाजवल्या. एवढ्यावर ती गेली नसती, मी माझ्या बहिणीला ओळखतो. गाडीत ती म्हणाली, माझं नाव घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं? त्यावर तू काय बोललास?

‘अगं, तेल लावणं म्हणजे काय लोडिंग का?’

प्रबोध, मी हे वाक्य आठवडाभर डोक्यात घेऊन फिरतोय. एमआरटीच्या गाडीत, ऑफिसात, लिफ्टमध्ये. राग तुझा येतो, आणि त्याहून जास्त याचा येतो की तुला अजून कळत नाहीये. पुंगळी तुझ्या डायमध्ये अडकली, कड तुटली, तेव्हाही तू माझ्याकडे फोटो पाठवलेस आणि विचारलंस बाटलीत काय होतं! ज्या बाईने ती बाटली भरली ती माझ्या घरात, माझ्या समोर बसलीय. तुझ्याकडे तिचा नंबर आहे. दिवाळीत तू तिला एक शब्द लिहिला नाहीस, घरच्या ग्रुपवर पणतीचं चित्र टाकलंस. तिने ते पाहिलं आणि आकाशकंदिलाला शेपट्या चिकटवत राहिली.

आणि तीही काही कमी नाही. गणपतीला दहा दिवस म्हणून आली. परतीचं तिकीट गेलं, तर म्हणाली पुढच्या आठवड्यात बघू. असे किती पुढचे आठवडे गेले! तुझ्याविषयी चकार शब्द नाही, पण हवामानाच्या ॲपवर तुमचं गाव वरती लावलेलं आहे. परवा पोळी करताना अचानक म्हणाली, आज तिथे उणे आठ आहे, गॅरेजातला हीटर लावत नसणार. मी म्हटलं, फोन करून सांग. तर म्हणाली, पोळी करपतेय.

सुनेत्रा म्हणते, ‘या दोघांना पोस्टमन लागतो आणि तुम्ही खाकी शर्ट घालून तयारच असता.’ अनुया म्हणते, ‘बाबा, जस्ट टेल काका टु कॉल हर, लाह.’ घरातल्या सगळ्यांना अक्कल आहे, फक्त अडकलेल्या दोघांना नाही.

मला आता गंमत वाटेनाशी झाली आहे. का, ते ऐक. काल आम्ही इथल्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर गेलो होतो. चालताना तिला पुण्याहून फोन आला, आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमधला भाडेकरू डिसेंबरात जागा सोडतोय. आई गेल्यापासून तो फ्लॅट आम्हा दोघांच्या नावावर आहे. ‘बरंच झालं,’ ती म्हणाली. हे ‘बरंच झालं’ मला अजिबात आवडलेलं नाही. संध्याकाळी लॅपटॉपवर ती पुण्याची विमानं बघत होती. मी मागे उभा आहे हे तिला माहीत होतं. तिने स्क्रीन झाकला नाही.

बुधवारी तिकीट काढते, म्हणाली. कुठलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि एकदा मोठ्याने बोलल्यावर ती माघार घेत नाही. लहानपणी एकदा मोठ्याने म्हणाली होती की सायन्स घेणार नाही, त्यानंतर बाबांनी कितीही समजावलं तरी उपयोग झाला नाही.

तेव्हा फोन कर. आमची सकाळ म्हणजे तुझी संध्याकाळ, नाष्ट्यानंतर ती मोकळी असते. ‘सॉरी’ने सुरुवात करू नकोस. सॉरी तुझ्या तोंडात पटकन येतं आणि तितक्याच पटकन संपतं, तिचे कान किटलेत. ‘मला ते येत नाही, तू कसं करायचीस?’ एवढंच विचार. मग ती सांगायला लागली की मध्ये बोलू नकोस. ‘हो, ते माहीत आहे’ म्हणू नकोस. तुला माहीत नाही. मलाही नव्हतं, आणि हे वाक्य लिहायला मला किती जड गेलंय ते तू ओळखशील. क्लबाच्या लोकांना काय सांगायचं ते नंतर तुझं तू ठरव, पण ठरव.

आणि तिने नाही सांगितलं, तर तेही उत्तर समज. पुन्हा माझ्याकडे येऊ नकोस.

यापुढे डाय विचार, वजनकाटा विचार, प्रायमर विचार, पहाटे उठून उत्तर लिहीन. तेलाविषयी मी एक अक्षर लिहिणार नाही. ते काम माझं कधी नव्हतंच.

बुधवारपर्यंत तरी तुझा मेहुणा,
निशिकांत