पोलीस पाटलाच्या चुलीपुढची नळी

इंदिरामावशी, लांबूनच पाया पडते. गुडघे काय म्हणतात? आम्ही खुशाल आहोत असं लिहिणार होते, पण खोटं कशाला, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आमच्या घरातली बंदुकीची नळी पोलीस पाटलाच्या चुलीपुढे जाऊन पडलीय.

घाबरू नको (मी घाबरते तेवढं पुरे), बंदूक नाही, नुसती नळी. केळीत रानडुकरं शिरतात म्हणून ऋतिकाच्या पप्पांनी बंदुकीच्या परवान्याचा अर्ज केला. परवाना काही येईना. तर पोरीच्या लग्नाची भांडी कशी आधीपासून एकेक जमवतात, तसं यांनी बंदुकीचं सामान जमवायला घेतलं. शिरपूरच्या बाजारातून कोणाकडून तरी नळी आणली. पावती नाही, त्या माणसाचं नाव माहीत नाही. मी म्हटलं, अहो, परवाना? तर म्हणे, नळीला कसला परवाना, नळी एकटी काय डुकराच्या मागे पळणार शे? अन् दिली ठिबकच्या पायपांत खोचून.

ती सासूबाईंना सापडली. त्यांची फुंकणी चेपलेली. नळी राखेनं घासली (मावशी, काय लख्ख निघाली!) अन् चुलीपाशी ठेवली. काल मळ्यात भरीत-पुरीचा बेत, ती नवी फुंकणीही सासूबाईंनी तिकडे नेली. पोलीस पाटील जीवरामनानाही आले. पुरी मोडता मोडता सगळ्यांना समजावत होते, की बंदूक सोडाच, तिचा सुटा भाग बिनपरवान्याचा सापडला तरी गुन्हा. आधी परवाना, मग परवान्याचंच दुकान, अन् पक्की पावती. अन् त्यांच्यासमोर सासूबाई गाल फुगवून नळीतून फू फू! यांचा घास हातातच राहिला. मी ऋतिकाला चिमटा काढला, म्हटलं रडली की नाना तिकडे बघतील. कार्टी हसली.

नाना म्हणाले, "वहिनी, फुंकणी भारी शे तुमची." झालं! कोणी वस्तू वाखाणली की सासूबाई ती देऊनच टाकतात. पदरानं पुसली, वर चार वांगी, अन् नानांच्या पिशवीत.

रात्रभर मी यांना एकच सांगितलं, नानांकडे जा, खरं ते बोला. लपवलं अन् तुम्हाला धरून नेलं तर मी लेकरू घेऊन कुठे जाऊ? पटलं. सकाळी टोपी घालून निघाले. आता जीव हलका झाला.

तुझी भूमिका

ता. क. जीव पुन्हा जड झाला. हे नानांकडे गेलेच नाहीत. शिरपूरची गाडी धरली, त्याच नळीवाल्याकडून मागच्या तारखेची पक्की पावती आणायला! घरातला एकुलता एक फोनही घेऊन गेले.

ता. क. दुसरं. मावशीला वाचता येत नाही, म्हणून हे वाचणारं जे कोणी असशील, तुलाच सांगते. पत्र तोतारामच्या हाती देतेय, तो केळीची गाडी घेऊन तुमच्या बोदवडलाच येतोय. शेजारणीच्या फोनवरून बोलले असते, पण बठ्ठ्या, सगळ्या गावाला कळेल. माझा भाऊ भूपेंद्र शिरपूरच्या स्टँडवर रिक्षा चालवतो, नंबर मागे लिहिलाय. त्याला म्हणावं, दाजी उतरले की बाजारात जाऊ देऊ नको, रिक्षात कोंब अन् थेट जीवरामनानांच्या ओसरीवर आणून बसव. मावशीला चहा नंतर दे, आधी त्याला फोन लाव.