‘डायलॅपिडेटेड’ची व्युत्पत्ती आणि माझे छप्पर

३ मार्च १८६२. सकाळ.
‘डायलॅपिडेटेड’ या शब्दावरील प्रबंधास आरंभ. ईस्टरपूर्वी समाप्ती निश्चित. मोडकळीस आलेल्या घराला लोक हे विशेषण लावतात. लॅटिनमध्ये ‘लापिस’ म्हणजे दगड, भिंतीचे दगड निखळले की झाले! शुद्ध अडाणीपणा. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ उधळणे. चर्चच्या कायद्यात, पाद्र्याने हाती सोपवलेली मालमत्ता नासवणे. हा भेद साऱ्या डेव्हनमध्ये बहुधा मलाच ठाऊक.
छप्पर टेबलावर गळते. टेबल दोन फूट सरकवले.

१० मार्च.
कॅथीड्रलात माझी नेमणूक! अखेर गुणांची कदर झाली. इथे गावच्या चर्चमध्ये पाद्री म्हणून माझ्या जागी माझाच सहायक, पिन्सेंट. रिवाजाप्रमाणे येणाऱ्या पाद्र्याने चर्चच्या बंगल्याच्या पडझडीची यादी करायची आणि जाणाऱ्याने दुरुस्तीसाठी तेवढी भरपाई त्याला द्यायची. पण पिन्सेंट मला मुलासारखा. तो मागणार नाही.
प्रबंध आता ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत.

१४ मार्च.
पिन्सेंट खिडक्यांच्या चौकटींत चाकू खुपसत हिंडतो आहे! म्हटले, अरे, आपल्यात हे कशाला? म्हणाला, की सर, एक कडी सुटली तरी यादी खोटी, हे आपलेच वाक्य. स्वयंपाकीण मिसेस हेबडिच मागून म्हणाली, की साहेब, शिकवणी वाया नाही हो गेली.
१८४२ साली इथे आलो तेव्हा मी यादी केली, ती गोष्ट निराळी. आधीचे पाद्री वारले होते. त्यांच्या पत्नीने, मिसेस लव्हरिजने, पियानो विकून मला एकशे बारा पौंड भरले. तो तत्त्वाचा प्रश्न होता.

१८ मार्च.
विश्वासघात! पिन्सेंटची यादी आली. एक्केचाळीस कलमे, शब्दन् शब्द माझ्या जुन्या यादीचा; बदलली ती केवळ तारीख. आळशी नक्कल म्हणून त्याला चांगलेच फैलावर घेतले. तो शांतपणे म्हणाला, की सर, प्रत्येक कलम जागेवर जाऊन पडताळले. सगळी जुळली. मग विचारले, की लव्हरिजबाईंनी दुरुस्तीसाठी दिलेल्या पैशांचे काय झाले?
मी त्याच वर्षी घेतलेल्या कोशांच्या कपाटाकडे पाहणे कटाक्षाने टाळले.
त्याला स्वतःला काही नको म्हणे. रक्कम मिसेस लव्हरिजना पाठवावी. पत्ता त्याने खाली लिहिला आहे. सुवाच्य अक्षरात, तेही मीच शिकवले.

२२ मार्च.
प्रबंध स्थगित. जुन्या पुस्तकांचा व्यापारी येऊन गेला. चामडी बांधणीचे माझे चौदा लॅटिन कोश त्याने उलटसुलट केले. पाने गळतीने फुगली होती. अर्धाच भाव देतो म्हणाला. माल, त्याच्या शब्दांत, ‘डायलॅपिडेटेड’ आहे.
मी त्याची चूक दुरुस्त केली नाही.