दोन पूर्णांक सहा मिलिमीटर

१८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. एप्रिलनंतर आपण बोललेलो नाही, आणि हे फोनवर मला नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे. घरी ठीक आहे. म्हणजे छप्पर गळत नाही, पाण्याची वेळ बदललेली नाही. कारखान्यात दोन पाळ्या चालू आहेत आणि मी कायम दमलेली असते. आईला भूक चांगली लागते. भावोजींना नमस्कार सांग.

आईच्या नेमबाजीसाठी मी बनवत होते ती ठासणीची रायफल फेब्रुवारीत पूर्ण झाली. सगळ्यात शेवटी बसवली ती माशी, म्हणजे नळीच्या तोंडाशी नेम धरायला असतं ते छोटं पातं. तुला या गोष्टींचा कंटाळा येतो, पण आज एवढं वाच. माशी आधी मुद्दाम उंच ठेवतात. मग गोळी खाली लागते. थोडं कानसायचं, पुन्हा बार काढायचा. माशी उतरत जाते तशी गोळी वर चढते. एकदा कानसलेलं परत लावता येत नाही, म्हणून घाई करायची नसते.

वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून मी ती जुळवली. माशीची उंची पाच पूर्णांक दोन मिलिमीटर झाली तेव्हा पन्नास मीटरवर पाचही गोळ्या मध्यावर लागल्या.

मार्चमधल्या पहिल्या रविवारी आईने ती रेंजवर उभं राहून चालवली. गोळ्या साडेपाच सेंटिमीटर खाली. अगदी एकमेकींना खेटून, पण खाली.

"तुझी रायफल लाजाळू दिसते," आई म्हणाली. "मान खाली घालते."

"नवी नळी आहे. बसायला वेळ लागतो," मी म्हणाले, आणि माशी चार पूर्णांक तीनवर आणली.

एप्रिलमध्ये तू आलीस. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणालीस, "आई कप दोन्ही हातांनी धरते. तिचा डावा हात कोणाला तरी दाखव." दोन दिवस यायचं आणि निदान करून जायचं, असं मी तुला म्हणाले. आई आत होती, म्हणून आपण हळू आवाजात भांडलो. तुझी बॅग भरून होईपर्यंत मी बाहेर आले नाही.

जूनमध्ये माशी तीन पूर्णांक सहा. सप्टेंबरमध्ये दोन पूर्णांक सहा. दर वेळी गोळ्या पुन्हा मध्यावर यायच्या आणि आई घरी येऊन कपडे वाळत घालताना गुणगुणायची.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी रेंजवरच्या चष्मेवाल्या काकांनी रायफल मागून घेतली. ते आईच्या आधीपासून तिथे आहेत, त्यांचा नेम सगळ्यांना माहीत आहे. पहिला बार काळ्या वर्तुळाच्या बाहेर, वरच्या कडेला. दुसराही तिथेच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नळीचं टोक न्याहाळलं.

"पोरी, ही माशी आहे की मुंगी? बाई, तुम्ही हिने पाखरं मारता की काय?"

आई हसली. सगळे हसले. घरी आल्यावर आईने चपला काढताना विचारलं,

"किती कानसलीस?"

"दोन पूर्णांक सहा."

"काय, इंच?"

"मिलिमीटर."

"आणि मला सांगत होतीस, नळी बसतेय."

"हो."

"मला वाटलंच होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"दहाच्या वर्तुळात लागत होतं ना," आई म्हणाली. "कोणाला नको असतं?"

मग तिने नवीन माशी बसवायला सांगितलं. पहिली होती तेवढीच उंच.

चांदीचं पातं, पितळेची बैठक. जुनी माशी हलक्या ठोक्यांनी बाहेर काढली. तळाशी रुंद आणि वर अरुंद अशी खाच असते, तिच्यात नवी बैठक अंगठ्याने एक तृतीयांश गेली पाहिजे आणि उरलेली ठोकून. आई स्टुलावर बसून बघत होती. डावा हात तिने मांडीवर ठेवला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

पुढच्या रविवारी तिने पाच बार काढले. ठासणीच्या रायफलीत चाप ओढल्यावर घोडा पडतो, बाहेरची चिमूटभर रंजक पेटते, मग आतली दारू. तो क्षणभर नळी पेलणारा डावा हात जागेवर राहावा लागतो. पाचही वेळा मी तो हात खाली जाताना पाहिला. गोळ्या अठरा सेंटिमीटर खाली. आईने भोकं मोजली, कागदाची घडी करून पर्समध्ये घातली आणि म्हणाली, "चल. डॉक्टर शोध."

मानेत एक नस दबली आहे. दुखलं नाही, म्हणून तिला कळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी माझी कामाची वही पुढे केली. तारखा, गोळ्या किती खाली, किती कानसलं, सगळं तिच्यात आहे. असा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणाले, आणि ती पानं उतरवून घेऊ लागले. मग एका ओळीवर थांबले.

"'मार्च. टेकवून दोन बार. मध्यावर.' हे काय?"

ताई, त्या पहिल्या रविवारी आई पाणी प्यायला गेली तेव्हा मी रायफल पुन्हा पिशव्यांवर ठेवून तपासली होती. रायफल बरोबर होती. तू आलीस तेव्हा हे मला महिनाभर माहीत होतं.

डॉक्टरांना मी एवढंच सांगितलं, की बंदुकीत दोष नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या पाठीच्या कण्याच्या चित्राकडे बघत म्हणाली, "लिहून ठेवलंस, हे बरं केलंस."

शस्त्रक्रिया २६ तारखेला आहे. हात आणखी बिघडणार नाही असं ते म्हणतात. गेलेली ताकद किती परत येईल ते सांगता येत नाही, नस फार दिवस दबलेली आहे. "आठ महिने," ते म्हणाले. आठवर जोर दिला नाही. मला तो ऐकू आला.

आई हा विषयच काढत नाही. काल तिने उजव्या हाताने एकटीने चादर झटकली आणि मला म्हणाली, "बघतेस काय? धर दुसरं टोक."

संमतीच्या कागदावर एका नातेवाइकाची सही लागते. आई म्हणाली, दोघींपैकी कोणीही करा. कागद माझ्यासमोर आहे. डॉक्टरांनी सांगितलेले धोके मी तीनदा वाचले आहेत, आकडे मला समजतात. पण तिच्या बाबतीत मला जे समजतं त्यावर विसंबून मी आता सही करू शकत नाही. ती तू करावीस. २५ला दुपारपर्यंत पोहोचलीस तरी चालेल. मी स्टेशनवर येईन. रागावलेली आलीस तरी ये.

तुझी वाट पाहणारी,
धाकटी