कवयित्रीला वाढलेली तिसरी पोळी

फेल्डहोवन, नेदरलँड्स,
रविवार दुपार

तीर्थस्वरूप वृंदाआत्यास,

मंजूषाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून काही सांगत नाही. इकडे सारंग आणि संहिता मजेत आहेत. मी नाही.

नोरीन हॅस्केट काल आमच्याकडे जेवून गेल्या. हो, त्याच अमेरिकन कवयित्री, ज्यांच्या कवितांचा मराठी अनुवाद करण्यात माझी दोन वर्षं (आणि सारंगच्या मते आमच्या संसारातले सगळे शनिवार) गेली. तुझे शेजारी श्रीधरराव पुस्तक छापायला उतावीळ झालेत, मुखपृष्ठसुद्धा करून ठेवलंय, अडलंय ते फक्त बाईंच्या परवानगीवर. त्या रॉटरडॅमला काव्यवाचनासाठी आल्या होत्या, आणि तुमच्या घरी येऊन, तुम्हाला भेटूनच हो की नाही ते ठरवेन, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणजे कालचं जेवण ही माझी परीक्षाच होती.

बाई सत्तरीच्या. नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतावर वाढल्या. विशीच्या आत बापाचं घर सोडलं, पुढे नवरा सोडला, मग विद्यापीठातली नोकरी, आणि एक मोठा पुरस्कार तर दारातूनच परत पाठवला. त्यांच्या जवळजवळ प्रत्येक कवितेत कुणीतरी बाई कशाला तरी नको म्हणते. सगळ्यांत गाजलेल्या कवितेत मुलगी आपल्या कपावर हात ठेवते, आणि बाप तिच्या बोटांवरून कॉफी ओतत राहतो. ती मराठीत आणताना मी रडले होते, हे तुला फोनवर सांगितलंच होतं.

आता ऐक. मी पुरणपोळ्या केल्या. (इथे कॉफीबरोबर एक बिस्किट देतात आणि डबा बंद करतात. ते बघून बघून माझ्यातली यजमानीण कितीतरी वर्षं उपाशी आहे.) पहिली पोळी बाईंनी आवडीनं खाल्ली. दुसरीला नको म्हणाल्या, मी वाढली, त्यांनी खाल्ली. आपल्या घरात पहिलं नको कुणी धरतं का? पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो, मग तो 'अहो पुरे, पुरे' म्हणत खातो, हे तूच शिकवलंस. तिसऱ्या पोळीला त्यांनी ताटावर हात आडवा धरला. सारंगनं टेबलाखालून मला पाय मारला. संहिता डचमध्ये म्हणाली, आई, त्या नको म्हणाल्या ना. आणि मी, आत्या, हसत हसत तो हात बाजूला केला, पोळी वाढली आणि वरून तूप सोडलं. हात त्यांनी परत ताटावर आणला होता. तूप बोटांवर पडलं.

मला ती कविता आठवली. बाईंनी रुमालानं एकेक बोट सावकाश पुसलं आणि म्हणाल्या, ती कॉफीची कविता मला मराठीत वाचून दाखवा. मी वाचली. तुपाचं भांडं हातातच होतं, ते खाली ठेवायचंही सुचलं नाही. कविता लहानशी, पण काल संपता संपेना. मराठीचं एक अक्षरही त्यांना कळत नाही, तरी त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या आणि मी त्यांच्या ताटाकडे. शेवटी त्यांनी आभार मानले आणि उत्तर कळवते म्हणाल्या. सारंगनं त्यांना स्टेशनवर सोडलं. वाटेत बाई फक्त हवेबद्दल बोलल्या म्हणे, आणि इथल्या हवेबद्दल बोलण्यासारखं असतं ते किती. पोळी तशीच राहिली. मला फार लाज वाटली, अजून वाटतेय.

घरी सगळ्यांना नमस्कार सांग. गुडघ्याचं खरं काय ते कळव.

तुझी,
मंजूषा

ता. क. : एवढं लिहून होतंय तोवर बाईंची मेल आली. परवानगी देता येणार नाही म्हणतात. कारण दिलेलं नाही. श्रीधररावांना तूच सांग. मी सांगायला गेले तर ते 'एकदा परत विचारून बघा' म्हणतील, आणि मी विचारीन.

आणखी एक : खरं म्हणजे विचारतेच आहे. बाईंना विनवणीची लांबलचक मेल लिहून ठेवलीय, फक्त पाठवायची राहिलीय. माझा माझ्यावर काडीचा भरवसा नाही. तेव्हा हे वाचल्या वाचल्या फोन कर आणि ती पाठवू नकोस म्हणून सांग. मी ऐकणार नाही. तरी तू आग्रह कर.