खडूच्या खुणा

सोमवार, ३
एकदाची जागा मिळाली! दोन खोल्या, उत्तरेची मोठी खिडकी, दिवसभर एकसारखा उजेड. चित्रं काढणारीला आणखी काय हवं? वर्षभर माझ्या लेकीला, ठमीला, आईकडे ठेवलंय. येत्या रविवारी आई तिला कायमची माझ्याकडे आणून सोडणार. फोनवर बाईसाहेबांचा पहिला प्रश्न, माझी जागा कुठली? म्हटलं, सगळं घर तुझंच, नाच हवी तशी. आधीच्या भाडेकरूचं सामान तसंच पडलंय: स्टूल, किटली, कात्री, कान तुटलेला कप. घरमालकीणबाई म्हणाल्या, राहू द्या, ते हलवायचं सगळ्यांच्याच जिवावर येतं. मला हसूच आलं.

बुधवार, ५
काल किटली, कप, कात्री टेबलावर मांडून चित्र सुरू केलं. मांडणी जमली की मी प्रत्येक वस्तूभोवती खडूची रेघ ओढते. मग चहासाठी किटली उचलली तरी नेमकी जागेवर ठेवता येते. आज कप खुणेतच होता, पण खूणच चार बोटं सरकलेली. माझाच वेंधळेपणा, दुसरं काय! खरं सांगायचं तर मांडणी आता जास्त चांगली दिसते.

शुक्रवार, ७
सकाळी जमिनीवर माझ्या चपलांभोवती खडूची रेघ. खडू तर डब्यात होता. गंमत म्हणून चपला घालून तिथेच उभी राहिले, आणि काय सांगू, सगळं जिथल्या तिथे वाटलं. किटली, कात्री, मी. भानावर आले तेव्हा दुपार उलटली होती. पाय बधिर, ब्रशावरचा रंग वाळलेला. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

शनिवार, ८
स्टुलाशेजारी आणखी दोन खुणा. वीतभर लांबीच्या. ठमीची पावलं मी ओळखणार नाही?
तीनदा पुसल्या. फरशी वाळली की पुन्हा उमटतात. आईला फोन केला, आणू नकोस तिला. ती म्हणाली, पोर पिशवी भरून बसलीय, नसती खुळं काढू नकोस.
उद्या खाली रस्त्यावरच गाठते दोघींना. या घरात पाऊल ठेवू देणार नाही.

रविवार, ९
निघालेच होते. चपलांत पाय घातले फक्त, खाली तीच खूण—
पाऊल उचलत नाही. हाताशी ही वही, तेवढीच.
जिन्यावर धावती पावलं. ठमी. ओरडायला गेले, आवाज फुटेना—
आली. खिदळत आली, थेट खुणेत. तिच्या जागेवर. हसू तोंडावर तसंच. पापणी लवत नाही.
आई मागून चढतेय, धापा टाकत. दाराच्या आत पावलांच्या दोन नव्या रेघा उमटताहेत—
हात चालतो अजून. वही दाराबाहेर फेकते. आई, आत पाऊल टाकू न