यादीतलं आईचं वय

॥ सांता बार्बरा प्रसन्न ॥

मातान्सास, ता. ९ नोव्हेंबर १८७२

ती. दादास,
धाकट्या मातेयाचा दंडवत. वि. वि.

बोनिफासियो गाडीवान साखरेच्या पेट्या घेऊन बंदरावर आला की आधी माझ्या दारात थांबतो आणि तुझं पत्र द्यायच्या आधी कॉफी मागतो. या खेपेला कॉफी ढोसूनही पत्र काही निघालं नाही. मालकाच्या पोराबरोबर चोरून अक्षरं शिकलास, मलाही राखेत गिरवून शिकवलीस, आणि आता बहिणीला चार ओळी लिहायच्या तर तुझा हात जड होतो. कारकुनाची संगत लागली म्हणायची.

मालकीणबाईंच्या मृत्युपत्राने मी सुटले त्याला दीड वर्ष झालं. धुणी आणि इस्त्री यांवर पोट चालतं. आता खोली घेतली आहे, मागे परसू आहे, त्यात रताळी लावली आहेत. आईसाठी खाटही केली. नीट वाच, खाट. जन्मभर फळीवर निजलेली बाई, पहिले चार दिवस तिला झोप यायची नाही, आणि त्याबद्दल ती मलाच बोल लावील.

मुद्द्याचं लिहिते. नव्या कायद्याने साठी पार केलेला गुलाम मोकळा, आणि १८६८ च्या सतरा सप्टेंबरपासून पुढे जन्मलेलं मूल जन्मापासूनच मोकळं. म्हणजे माझी रुफिना मोकळीच आहे, मी मागितली की मालकांना, डॉन अन्सेल्मोंना, द्यावी लागेल. पण चार वर्षांची पोर, आजीच्या कुशीवाचून निजत नाही, म्हणून मी थांबले. दोघींना एकाच गाडीतून आणायचं. आई बासष्टची तरी असेलच.

इथे गुलामांचे अर्ज ऐकणारा सरकारी माणूस आहे, त्याला सिंदिको म्हणतात. तो म्हणतो की त्याला कारखान्यातल्या गुलामांची यादी प्रमाण, दुसरं काही नाही. यादी तर तुझ्याच हातची. तेव्हा आईच्या नावापुढे कोणता आकडा आहे तेवढा बघून कळव. रुफिनाला पेरूची वडी पाठवते आहे, ती तिच्यापर्यंत पोचू दे, वाटेत तुझ्या पोटात जाऊ नये.

कळावे, धाकटीवर माया आहे तशी राहू द्यावी.
मातेया

---

सांता पेत्रोनिला कारखाना, ता. २४ नोव्हेंबर १८७२

चि. मातेयास,
अनेक आशीर्वाद.

वडी पोचली. अर्धी रुफिनाने खाल्ली आणि अर्धी आईने तिच्याकडून लाच म्हणून घेतली. गळिताची तयारी जोरात आहे. परवा पाद्री येऊन चरकावर पाणी शिंपडून गेला. चरकाशेजारच्या खिळ्याला नवा कोयता टांगला आहे. गेल्या हंगामात ऊस सारताना सिप्रियानाचा हात रुळात गेला, तेव्हा जुना कोयता बोथट निघाला होता. हात तोडायला तीन घाव लागले आणि तेवढा वेळ चरक थांबला. डॉन अन्सेल्मो मुकादमावर फार चिडले होते, असली हयगय चालायची नाही म्हणून.

तू विचारलंस तो आकडा मला बघायची गरज नाही. आईच्या नावापुढे एक्कावन्न आहे.

तू तेव्हा मालकीणबाईंबरोबर शहरात होतीस. नऊ वर्षांमागे डॉन अन्सेल्मोंनी ठरवलं की पन्नाशी उलटलेली माणसं दलदलीतल्या चुनाभट्टीला विकून टाकायची. ज्यांचं काम कमी आणि खाणं तेवढंच, त्यांना ठेवायचं कशाला, असा त्यांचा हिशेब. कारकुनाचा हात दारूने कापत होता, म्हणून यादी मी लिहिली. आई त्रेपन्नची होती, मी बेचाळीस लिहिलं. एकोणीस जण गाडीत चढवले गेले आणि आई फाटकात उभी राहून त्यांच्यासाठी रडली. त्यातल्या एकानेही दुसरा पावसाळा पाहिला नाही.

मला फार शहाणपणा केल्यासारखं वाटलं होतं. मग त्याच आकड्यापायी तिला कधी पोरं सांभाळायचं हलकं काम मिळालं नाही. तिच्याहून लहान, पंचावन्नच्या बाया सावलीत बसतात आणि ती जवान म्हणून ऊस तोडते. गुडघे धरून बसते आणि म्हणते की या मुकादमाचे डोळे फुटलेत, त्याला माझे पांढरे केस दिसत नाहीत. काल तिला मी खरं सांगितलं. ती खूप हसली. इतकं लाडिक खोटं आपल्याबद्दल कुठला पुरुष कधी बोलला नव्हता, असं म्हणाली. मग उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आली नाही.

मला शिव्या दे, पण पत्र धाड. आईचा आशीर्वाद.
तुझा दादा

---

मातान्सास, ता. ८ डिसेंबर १८७२

ती. दादास दंडवत.

शिव्या बोनिफासियोला तोंडी देऊन ठेवल्या आहेत, तो वाटेत पाठ करत येईल. कागद महाग आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला तुझा गळा दाबावासा वाटला, दुसऱ्यांदा तुझ्या पाया पडावंसं वाटलं. तू ते लिहिलं नसतंस तर माझी रुफिना आजीच्या नव्हे, कुणाच्या तरी पायाशी वाढली असती. पण आता पुढचं बघ. यादीत तुझं वय काय? चव्वेचाळीस. आईचं एक्कावन्न. म्हणजे सात वर्षांच्या पोरीने तुला जन्म दिला. एवढं तर दारुड्या कारकुनालाही कळेल. सिंदिकोला मी हेच सांगितलं, तर तोही हसला. म्हणाला की यादी लिहिणाऱ्याने स्वतः समोर उभं राहून चूक कबूल केली तर वय बदलता येईल. मी अर्ज दिला आहे. सहा जानेवारीच्या तीन राजांच्या सणानंतर, पंधरा तारखेला, तो तुमच्याकडे येतो आहे.

तुला शिक्षा होईल हे मला कळतं. तरी मी मागते आहे, आणि लाजत नाही. तू जे लिहिलंस ते तुझ्याच तोंडाने पुसून टाक.

खाटेवर गादी घातली आहे. राग आणि लोभ दोन्ही असू द्यावेत.
मातेया

---

सांता पेत्रोनिला, ता. २ जानेवारी १८७३

चि. मातेयास आशीर्वाद.

सिंदिकोने धाडलेला तुझा अर्ज माझ्याआधी डॉन अन्सेल्मोंच्या हाती पडला. त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. ओरडले नाहीत. बस म्हणाले आणि कॉफी दिली.

यादी उघडी होती. त्यांनी आईच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं की ही ओळ खोटी आहे का. मग पानं उलटून रुफिनाच्या नावावर बोट ठेवलं. तीन ऑक्टोबर १८६८. म्हणाले की हाही माझाच हात, आणि माझ्याच भाचीचा जन्म, कायद्याच्या तारखेनंतर बरोबर सोळा दिवसांनी. ज्या हाताने आईसाठी खोटं लिहिलं, त्याने पोरीसाठी खरं लिहिलं असेल हे सिंदिकोने का मानावं? मी कबुली दिली तर ते सगळी यादी खोटी ठरवून नवी करतील, आणि त्यांच्या आठवणीप्रमाणे रुफिना ऑगस्टमध्ये जन्मली होती.

मातेया, ती ऑक्टोबरातच जन्मली. वादळाने चिपाडाची कोठी उडवून नेली त्याच आठवड्यात, तुला आठवत असेल. पण हे सांगणारे सगळे गुलाम आहेत. पाद्री वर्षातून एकदा येतो आणि बाप्तिस्म्याच्या वहीत आमच्याच यादीवरून तारखा उतरवून घेतो.

निघताना त्यांनी समजावलं की एका म्हातारीचं त्यांना काही नाही, ती गेली काय नि राहिली काय. पण एक ओळ सुटली तर उद्या प्रत्येक जण आपली ओळ ओढायला येईल. मग माझा कप रिकामा आहे हे बघून त्यांनी आणखी कॉफी घातली.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तू सांग, मी काय करू.
दादा

---

मातान्सास, ता. ११ जानेवारी १८७३

ती. दादास,

सिंदिकोकडे दोनदा जाऊन आले. दोघींचंही खरं धरता येणार नाही का, असं विचारलं. तो म्हणाला की यादी एक तर खरी असते, नाही तर खोटी, अर्धी खरी यादी त्याने कधी पाहिली नाही. आणि मग जेवायला गेला.

सणाला सगळं गाव ढोल वाजवत नाचत होतं. मी दार लावून बसले होते. मी काय उत्तर देऊ? रुफिना म्हणाले तर मी आईला विकली. आई म्हणाले तर उद्या पोरगी चरकाशी उभी राहील, आणि शेजारी तो कोयता. मी हे लिहीत असताना माझ्या मनात एकच नाव येतं आहे, आणि ते कुणाचं आहे हे तुला माहीत आहे, म्हणून मी ते लिहीत नाही. मला माफ कर. आईला मात्र कळू देऊ नकोस की मी काही बोलले.

तू मोठा आहेस. तूच बघ.
मातेया

---

सांता पेत्रोनिला, ता. २६ जानेवारी १८७३

मातेयास,

अक्षर वेडंवाकडं आहे. खोड्यातून काल बाहेर आलो, मनगटं अजून सुजलेली आहेत.

हे पत्र बोनिफासियोबरोबर येत आहे आणि रुफिनाही त्याच्याच गाडीत आहे. आधी तिला पोटाशी घे, मग पुढचं वाच.

सिंदिको पंधरालाच आला. अंगणात मेज मांडलं होतं. मी रात्रभर ठरवलं होतं की तोंड उघडायचं नाही. पण त्याने आईला पुढे बोलावलं, आणि ती गुडघा ओढत चालत आली, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. त्याने मला विचारलं की ही बाई कोण. मी सांगितलं की ती माझी आई आहे, बासष्टची आहे, आणि ते एक्कावन्न मी खोटं लिहिलं आहे. रुफिना त्या क्षणी माझ्या डोक्यात आलीच नाही. खोटं लिहिताना मी पुढचं पाहिलं नाही आणि खरं बोलतानाही पाहिलं नाही.

आई माझ्याकडे वळलीसुद्धा नाही. डॉन अन्सेल्मोंनी आदल्या दिवशी तिला ओसरीवर बोलावून सगळं सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. ती सिंदिकोला म्हणाली की हा सेवेरिनो बरा माणूस आहे, पण आपला कुणी नाही. त्याची आई दुसरी होती, ती मेली. लहानपणी आपण त्याला पेज भरवली असेल, म्हणून त्याच्या तोंडात तसं बसलं आहे. या कारखान्यात सगळेच म्हाताऱ्या बायांना आई म्हणतात. मग तिने सांगितलं की म्हातारी म्हणजे एक्कावन्नची.

सिंदिकोला खात्री पटेना, तिचे केस तर कापसासारखे. तेव्हा ती गाडीकडे गेली, पुऱ्या उसाची एक मोळी डोक्यावर घेतली आणि अंगण या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं. परत येऊन मोळी उतरवली आणि विचारलं की आता यादी खरी ठरली का. तो हो म्हणाला. मग म्हणाली की खरी असेल तर प्रत्येक पानावर शिक्का मारा, उद्या कुणी आपल्याला साठीची म्हणून हिणवायला नको. डॉन अन्सेल्मोंच्या ध्यानात आलं, पण नाही कसं म्हणणार? सिंदिकोने पानं उलटत सगळ्यांवर शिक्के मारले. रुफिनाच्या तीन ऑक्टोबरवर मारला तेव्हा आईने डोळे मिटले.

सरकारी माणसासमोर खोटं बोललो म्हणून मला पंचवीस फटके, दहा दिवस खोडा, आणि यापुढे ऊसतोड. एक्कावन्नच्या धडधाकट बाईला साजेसं काम म्हणून आईला चरकावर लावलं आहे. कोयत्याच्या अंगाला तीच उभी असते.

काल मोळी टाकायला चरकाशी गेलो आणि हळूच तिला हाक मारली. तिने रुळावरची नजर काढली नाही. म्हणाली की पुन्हा ती हाक ऐकू आली तर मुकादमाला बोलावीन, शिक्का अजून ओला आहे.

कळावे. रुफिनाला कुणी काही विचारलं तर तिला आजी नाही, असं सांगायला शिकव. लोभ असू दे. नातं मात्र यापुढे कागदावर लिहू नकोस.
सेवेरिनो